तीन ते साडेतीन

धाकटीचा व्हिडिओ सकाळी साडेसातपर्यंत अकरा हजार लोकांनी पाहिला होता, आणि त्यांतला एक थोरलीचा सख्खा नवरा होता. पाहून गप्प बसला असता तर एक वेळ चाललं असतं. त्याने खाली बदामही दिला होता. लाल, टपोरा, साऱ्या जगाला दिसेल असा.

"कशाला दिलात?" थोरलीने चहाचा कप त्याच्यापुढे आदळत विचारलं.

"अगं, तुझी जाऊच आहे, घरचंच माणूस. आणि छान केलाय की तिने."

"माझ्या पेजवर कधी दिलात?"

नवऱ्याचा कप हवेतच थांबला. "तुझं पेज आहे?"

पेज होतं, कालच झालं होतं. त्यावर तिचाही एक व्हिडिओ होता. तो एक्केचाळीस वेळा पाहिला गेला होता, आणि त्यांतल्या निदान पंधरा वेळा तो तिने स्वतःच पाहिला होता. दुःख त्याचंही नव्हतं. दुःख हे होतं की दोन्ही व्हिडिओ एकाच घराचे होते, आणि ते घर थोरलीचं होतं.

म्हणजे कागदोपत्री ते डॉक्टरीणबाईंचं. दातांच्या डॉक्टरीणबाई. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे आणि वर राहायची जागा, बाजूला लिंबाचं झाड. बावीस वर्षांपूर्वी थोरली या धंद्यात नवखी होती, हातात सासऱ्यांनी दिलेली किल्ली घेऊन तिने हे घर डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. तिने विकलेलं पहिलं घर. सही झाल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "मी कधी हे विकायला काढलं तर तूच विकायचंस." थोरलीने ते वाक्य बावीस वर्षं जपून ठेवलं होतं. नंतर तिने शेकड्यांनी घरं विकली, पण त्या रस्त्याने जाताना ती दर वेळी मान वळवून बघायची, आपलं घर ठीक आहे ना म्हणून.

यंदा बाई थकल्या आणि दूर लेकीकडे राहायला गेल्या. व्यवहार लेक बघू लागली. लेकीने फोनवर थोरलीचं नाव टाकून पाहिलं, तर आलं काय? ऑफिसचा पत्ता, बंद शटरचा एक फोटो, आणि कुणीतरी सहा वर्षांपूर्वी दिलेले तीन तारे, 'पार्किंग नाही' या कारणासाठी. मग तिने धाकटीचं नाव टाकलं. त्यावर एकशे चाळीस व्हिडिओ निघाले.

"आई म्हणते तुम्ही, मला वाटतं त्या," लेक म्हणाली. "तर असं करू, दोघींना एकेक किल्ली देते. जिचं गिऱ्हाईक आधी ठरेल तिचं घर."

फोन ठेवला तेव्हा थोरलीचे कान गरम झाले होते. समोरच्या टेबलावर धाकटी बसली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं, कारण दोघींची टेबलं समोरासमोर होती. सासरे गेले, त्यांचे दोन्ही मुलगे आपापल्या नोकऱ्यांना चिकटून राहिले, आणि ऑफिस सुनांच्या हाती आलं, ते असं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला या टेबलाशी थोरलीनेच आणून बसवलं होतं. करार कसा वाचायचा, मालकाची नड कशी ओळखायची, भिंतीवर टिचकी मारून ओल कशी ऐकायची, सगळं बोट धरून शिकवलं. मग चार वर्षांपूर्वी धाकटीने फोन हातात धरून उलटं चालायला सुरुवात केली. उलटं चालत ती घरातून फिरायची आणि बोलत राहायची, "या, आत या, बघा बघा इथे सकाळी कसं ऊन येतं." लोक बघायचे. हजारांनी बघायचे.

थोरलीला हेवा वाटत होता. त्याला तिने खूप दिवस दुसरी नावं देऊन पाहिली होती, धंद्याची काळजी, नव्या पद्धतीबद्दल शंका, वगैरे. पण ऑफिसात माणूस शिरायचा आणि तिच्या टेबलाला वळसा घालून "तुम्हीच ना त्या व्हिडिओवाल्या?" म्हणत धाकटीपुढे बसायचा, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि त्याला हेव्याशिवाय दुसरं नाव नव्हतं.

थोरलीची पद्धत वेगळी होती. तिच्याकडे बोलणं नव्हतं, तिच्याकडे पिशवी होती. पिशवीत बल्ब, स्क्रू-ड्रायव्हर, बिजागऱ्यांना द्यायला तेलाची छोटी बुधली, फडकी आणि एक तांब्या. कुठलंही घर दाखवायच्या आधी ती एकटी जायची. सगळ्या खिडक्या उघडायची. नळ सोडून गंजाचं तांबडं पाणी वाहू द्यायची. मोरीच्या जाळीत दोन दोन तांबे पाणी ओतायची, कारण बंद घरात तिथलं पाणी सुकतं आणि वास वर येतो. कुरकुरणाऱ्या दाराला तेल, मेलेल्या दिव्याच्या जागी नवा बल्ब. पाऊण तासात घर जागं व्हायचं. मग गिऱ्हाईक आलं की ती उंबऱ्याशी उभी राहायची आणि चकार शब्द काढायची नाही. घराला काय सांगायचं ते घर सांगेल, असं तिचं म्हणणं.

आणि जाताना फळ्यावर लिहायचं. हा सासऱ्यांचा नियम. एकदा ते एका रिकाम्या इमारतीच्या गच्चीवर अडकून पडले होते, दार मागून बंद झालं आणि ते कुठे गेलेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाच तास उन्हात काढल्यावर त्यांनी ऑफिसात पांढरा फळा आणला. बाहेर पडणाऱ्याने लिहायचं, कुठे, किती ते किती. बावीस वर्षांत थोरलीने हा नियम एकदाही मोडला नव्हता. हात आपोआप लिहायचा. 'नऊ ते दहा, पुलाजवळचं घर.' 'आठ ते पावणेनऊ, तिसरा मजला.' धाकटीची ओळ मात्र रोज एकच असायची, 'दहानंतर'. दहाच्या आत महाराणी कुठल्या घराची पायरी चढत नाहीत, असं थोरली नवऱ्याला म्हणायची.

लेकीचा फोन झाल्यावर थोरलीने पेज करून देणारी एक मुलगी गाठली. सव्वीस-सत्तावीसची, दोन फोन आणि तिसरा चार्जर बाळगणारी. ती म्हणाली, "ताई, तुमची ऑनलाइन उपस्थिती अगदीच कमी आहे."

"उपस्थिती? मी रोज नऊला ऑफिसात असते."

"तसं नाही हो. लोकांना तुम्ही दिसायला पाहिजे."

ठरलं की बुधवारी अकराला डॉक्टरीणबाईंच्या घरी व्हिडिओ करायचा. बुधवारी थोरली नऊलाच गेली, घर जागं केलं, लिंबाच्या झाडाची आड येणारी फांदीसुद्धा बांधून घेतली, आणि पेजवालीला आणायला परतली. अकराला दोघी फाटकाशी पोचतात तो आतून धाकटी बाहेर येत होती, हातात फोन, गाल लाल झालेले.

"ताई, काय सुंदर ऊन आलंय हो आत," ती म्हणाली. "एका दमात झाला माझा."

आणि स्कूटरवर बसून गेली.

थोरलीचा काही एका दमात झाला नाही. पेजवालीने अठरा वेळा घेतला. फोन समोर आला की थोरलीचे हात शिवणीला चिकटायचे आणि चेहऱ्यावर ओळखपत्राच्या फोटोतले भाव यायचे. "नमस्कार. हे घर आहे," ती म्हणायची, आणि पुढचं आठवायचं नाही. शेवटी तेवढाच ठेवला. 'नमस्कार, हे घर आहे,' आणि मग सहा सेकंद ती आणि घर, दोघंही गप्प. तोपर्यंत ऊन सरकलं होतं ते वेगळंच.

तर असा तो बदामाचा गुरुवार. शुक्रवारी धाकटीला नऊ फोन आले. तिने ते सगळे थोरलीसमोर बसून घेतले, दुसरीकडे बसणार तरी कुठे. त्यांतलं एक गिऱ्हाईक पक्कं वाटत होतं. बेकरी चालवणारं जोडपं, दवाखान्याच्या खोलीत दुकान काढायचं, वर राहायचं, पैशांची सोय झालेली. शनिवारी चारला बघायला येणार होते.

"आवडणारच त्यांना," धाकटी फोन ठेवून म्हणाली. "हो ना, ताई?"

थोरलीने हसून मान हलवली. ते हसू कसं आलं ते तिचं तिला माहीत. आपलं पहिलं घर, आपण जागं केलेलं घर, ही बया उलटं चालत चालत विकणार, आणि उद्या बाईंना कळणार की बावीस वर्षं जिच्यावर भिस्त ठेवली ती एका फोनपुढे फिकी पडली. शुक्रवारचा दिवसभर हेच घोळत राहिलं. शनिवारी दुपारी जेवणाचा डबा धुताना तिच्या मनात एक सोपी गोष्ट आली. घर जागं करता येतं, तर निजवताही येतं.

धाकटी तेव्हा बँकेत गेली होती. थोरलीने पिशवी उचलली, शटरपर्यंत गेली, परत फिरली, फळ्यावर आपल्या ओळीत वेळ लिहिली आणि निघाली. आपण लिहिलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. श्वास घेतलेला कुणाच्या लक्षात येतो?

घरात शिरल्यावर तिने आधी जिन्यामागचा पाण्याचा कॉक बंद केला. वरच्या खिडक्या लावल्या, खालच्या लावल्या, दवाखान्याच्या खोलीतले जाड पडदे ओढले. एक एक बल्ब काढून टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. हात मात्र ऐकत नव्हते. खिडकी बंद केली की त्याच हाताने ती कठडा पुसायची, मग स्वतःलाच शिवी द्यायची. घर उघडायला तिला पाऊण तास लागतो हे पाठ होतं, बंद करायला किती लागतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. सहावा बल्ब अंधाऱ्या खोलीत होता. दवाखान्याला लागून एक कपाटाएवढी खोली होती, बिनखिडकीची, बाई तिथे दातांचे एक्स-रे फोटो धुवायच्या. तो बल्ब गंजून बसला होता. तिने तो फिरवून फिरवून सोडवला आणि तेवढ्यात पुढच्या दारात किल्ली फिरली.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते थोरलीला त्या क्षणी कळलं. तिने अंधाऱ्या खोलीचं दार आतून ओढून घेतलं आणि पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. आता कुठे साडेतीन होत होते. या लोकांना चारला यायचं होतं.

"या, आत या," धाकटीचा आवाज आला, व्हिडिओतला, हसरा. मग तो आवाज जरा अडखळला. "थांबा हं, दिवा लावते."

बटण वाजलं. पुन्हा वाजलं. दुसरं वाजलं.

"लाइट गेली वाटतं."

"शेजारी पंखा फिरत होता," एक बाईचा आवाज म्हणाला. ही बेकरीवाली असणार.

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, नळ नुसताच खाकरला. परत येताना बेकरीवाला म्हणाला, "व्हिडिओत तर वेगळंच दिसत होतं."

"घर तेच आहे हो."

"घर तेच असेल. पण व्हिडिओत काय, कुणी काहीही दाखवावं."

अगदी हेच वाक्य थोरली चार वर्षं म्हणत आली होती. ते गिऱ्हाइकाच्या तोंडून धाकटीला ऐकावं लागलं, आणि अंधारात थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कसं वाटतंय, बाईसाहेब? आता चाला उलटं.

मग धाकटी बोलली, पण व्हिडिओतल्या आवाजात नाही. घरी भांडी लावताना बोलते त्या आवाजात.

"खरं सांगू का? मला घर उघडता येत नाही. ते माझ्या मोठ्या जाऊबाई करतात. त्या आधी येतात, खिडक्या, पाणी, दिवे, सगळं बघून जातात. आमच्याकडे फळ्यावर वेळ लिहायची पद्धत आहे. त्यांची वेळ संपली की मी जाते. माझे सगळे व्हिडिओ तसेच झालेत. मी नुसती मागून येऊन बोलते."

थोरलीच्या उकळ्या जागच्या जागी थांबल्या. दहानंतर. चार वर्षं रोज, दहानंतर.

"आजही त्यांनी लिहिलं होतं," धाकटी सांगत होती. "तीन ते साडेतीन, हे घर. बँकेतून येऊन वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, या घरावरून त्या माझ्यावर नाराज आहेत आणि तरी माझ्या गिऱ्हाइकासाठी घर उघडायला गेल्या. म्हणून तर तुम्हाला फोन करून लवकर बोलावलं."

"मग आल्या नाहीत का?"

"तेच कळत नाही. लिहून न येणाऱ्यातल्या त्या नाहीत." आवाज एकदम बदलला. "वरती पडल्या-बिडल्या तर नसतील? थांबा, आधी उजेड करते. ताई? अहो ताई?"

पडदा सरकल्याचा आवाज झाला. मग खिडकी. दवाखान्याची उजवीकडची खिडकी सरळ ओढली की अडते. धाकटीने ती सरळ ओढली. लाकूड करकरलं. तिने आणखी जोर लावला, घाबरलेल्या माणसाचा जोर, आणि काच तिच्या चौकटीत थरथरायला लागली. थोरलीने दात आवळले. डोळे मिटले. आणखी एक हिसका, आणि ती काच जाणार होती, बावीस वर्षांची, कोपऱ्यात नक्षी असलेली, आता कुठे मिळणार तशी.

"उचल आधी," थोरली म्हणाली. "खालून उचल आणि मग ओढ."

बेकरीवाली किंचाळलीच. भिंत बोलली असं वाटलं तिला. धाकटीने मात्र सांगितलं तसं केलं, सवयीने. खिडकी उघडली, ऊन थेट अंधाऱ्या खोलीच्या दारावर पडलं, दार उघडलं, आणि थोरली बाहेर आली. पिशवीतले बल्ब एकमेकांवर वाजले.

धाकटीने आधी तिच्याकडे पाहिलं, पडलेली नाही ना, लागलं नाही ना. मग तिची नजर पिशवीवर गेली. पिशवीचं तोंड उघडं होतं. टॉवेलातून चार गोल काचा दिसत होत्या. तिथून ती नजर छताकडे गेली, रिकाम्या होल्डरकडे, आणि परत आली. थोरलीला वाटलं, हिने आता ओरडावं. चारचौघांत पाणउतारा करावा. ते सोपं गेलं असतं.

"बल्ब…" थोरलीने सुरुवात केली.

"बदलत होत्या," धाकटी बेकरीवाल्यांना म्हणाली. "जुने काढून नवे लावतात त्या. आपण लवकर आलो. ह्याच माझ्या जाऊबाई."

हे म्हणताना ती थोरलीकडे बघत नव्हती.

मग थोरलीने दोन परक्या माणसांसमोर घर जागं केलं. हे तिने कधीच कुणासमोर केलं नव्हतं. तिने कॉक सोडला, तांबडं पाणी वाहून जाईपर्यंत नळाशी थांबली. बल्ब एक एक करून लावले. बेकरीवाला तिच्या मागून मागून फिरत होता आणि विचारत होता, आणि ती हात चालवता चालवता उत्तरं देत होती, कारण हात कामात असले की तिला बोलता येत होतं. मागच्या पायरीशी पाणी साचतं, तिथे एक उतार काढून घ्या. वरची खोली दुपारी तापते. जमिनीत ही चार भोकं आहेत ना, इथे दातांची खुर्ची होती, तुमचं काउंटर बरोबर त्यावर बसेल. बेकरीवालीने पावलं मोजली. बरोबर बसत होतं. सगळा वेळ धाकटी उंबऱ्याशी उभी होती, चकार शब्द न काढता. तिने फोन एकदाही पर्समधून बाहेर काढला नाही.

ते गेल्यावर धाकटीने कुलूप लावलं. दोघी पायरीवर उभ्या राहिल्या.

"कॉकसुद्धा?" धाकटीने विचारलं.

"हो."

"आणि सहाच्या सहा बल्ब."

"हो."

"तुमचं पहिलं घर आहे हे मला माहीत होतं, ताई. मामंजींनी सांगितलं होतं. तुम्ही एकदा नुसतं म्हणाला असतात, हे माझं आहे, तर मी व्हिडिओसुद्धा केला नसता."

"मी कशाला म्हणू?" थोरलीच्या तोंडून गेलं.

"तेच तर," धाकटी म्हणाली आणि स्कूटर सुरू केली. एरवी ती "बसा मागे" म्हणते.

सोमवारी बेकरीवाल्यांनी घर घेतलं. संध्याकाळी स्वतः डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आवाज बारीक झालेला, पण खूश. "शेवटी तुझ्याच हातून गेलं हो. तुझ्या जावेने लेकीला कळवलं, गिऱ्हाईक तुझं म्हणून." थोरली हो म्हणाली. बावीस वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळालं ते कसं, तर भरल्या पोटाच्या माणसाने ताट पुढे सरकवावं तसं. म्हणजे आता हिच्या मोठेपणाचाही हेवा करायचा होता. तो तिने केला, यथेच्छ केला.

मंगळवारी फळ्यावर धाकटीच्या ओळीत 'दहानंतर' नव्हतं. 'आठ ते नऊ' असं होतं. बुधवारीही. तिने स्वतःची पिशवी घेतली होती, निळी. त्या आठवड्यातल्या तिच्या व्हिडिओत नळ खाकरत होता आणि एक दार कुरकुरत होतं, थोरलीने ते चार वेळा ऐकलं. खरं तर तिने खूश व्हायला हवं होतं. थोरलीही पहाटेपासून घरं उघडत होती, पण आता तिच्यामागून तिथे कुणी जात नव्हतं. खिडक्या उघडायच्या, गिऱ्हाइकाची वाट बघायची, खिडक्या लावायच्या. आपण इतकी वर्षं कुणासाठी तरी घर मांडून ठेवत होतो हे कळलं, ते असं, धाकटी यायची बंद झाल्यावर.

गुरुवारी दुपारी पेजवालीचा फोन आला. "ताई, पाच तारे! बघा पेजवर."

बेकरीवाल्यांनी लिहिलं होतं. 'असा एजंट पाहिला नाही. आम्ही पोचलो तेव्हा या बाई अंधाऱ्या खोलीत एकट्या बल्ब बदलत होत्या, तेही जावेच्या गिऱ्हाइकासाठी. घरातली खोट आधी सांगितली. डोळे झाकून विश्वास ठेवावा अशा बाई.'

खाली एकच बदाम होता. धाकटीचा.

थोरलीने मान वर केली. समोर धाकटी कागद लावत होती, तिच्याकडे न बघता. त्या बदामात टोमणा आहे की माया, हे बदामावरून काही कळेना. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"उत्तर द्यायचं असतं हं, ताई," पेजवाली फोनवर सांगत होती. "नुसतं धन्यवाद लिहा. पेजवरचा पहिला अभिप्राय आहे, तोच सगळ्यांत वर दिसत राहणार."

फोन ठेवून थोरलीने 'धन्यवाद' लिहिलं. ते पुसलं. मग एका बोटाने, एक एक अक्षर शोधत, बराच वेळ लिहीत राहिली. 'मी बल्ब बदलत नव्हते. काढत होते. जावेचं गिऱ्हाईक परत जावं म्हणून. तिने ते झाकलं. घर तिने विकलं आहे, मी नाही.' दोनदा वाचलं. नवरा वाचेल, बाईंची लेक वाचेल, पेजवाली कपाळाला हात लावेल. बोट जरा थांबलं आणि मग तिने ते दाबलं.

समोर धाकटीचा फोन वाजला. तिने तो उचलला, वाचला. परत वाचला. थोरली टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत होती, सगळ्या भरून झाल्यावर तिने त्या परत ओतल्या आणि पुन्हा भरायला लागली.

धाकटी उठली. बदाम दिला नाही. फळ्यापाशी गेली, तळहाताने उद्याच्या ओळीतलं 'आठ ते नऊ' पुसलं, आणि तिथे लिहिलं, 'दहानंतर'.

मग जागेवर येऊन बसता बसता म्हणाली, "पुलाजवळच्या घराचं मागचं दार कुरकुरतं. मला ते काही केल्या जमेना."

"तेल कुठे घातलंस, वरच्या बिजागरीत?" थोरलीने विचारलं.

"हो."

"खालच्यात घालायचं असतं," थोरली म्हणाली, आणि पिशवीत बुधली आहे का ते पाहू लागली.